राजा गुरू, मंत्री गुरू

१६ मार्च १९७२ रोजी गुढीपाडवा होता आणि वार होता गुरुवार. पंचांगाचा नियम असा की, चैत्र शुद्ध प्रतिपदेला जो वार असेल त्या वाराचा ग्रह वर्षाचा राजा, आणि सूर्य मेष राशीत शिरतो त्या दिवसाच्या वाराचा ग्रह वर्षाचा मंत्री. त्या वर्षी मेष संक्रांत १३ एप्रिलला आली, तोही गुरुवारच. म्हणजे परिधावी नावाच्या त्या संवत्सराचा राजा गुरू आणि मंत्रीही गुरू. नवग्रहांत सर्वांत शुभ मानलेला ग्रह दोन्ही गाद्यांवर बसला होता. यापेक्षा चांगली जोडी शास्त्रात सापडणे कठीण.

त्याच वर्षी पाऊस दडी मारून बसला. बहात्तरच्या दुष्काळाने महाराष्ट्र होरपळला आणि साताऱ्याच्या पूर्वेकडच्या माण-खटावला, सांगलीच्या आटपाडी-जतला तर त्याने पार सोलून काढले. दुष्काळी कामांवरच्या मजुरांचा आकडा मे १९७३ मध्ये राज्यभरात ५० लाखांच्या घरात गेला. खडी फोडणारे हात, परदेशातून आलेला तांबडा मिलो आणि कामावर वाटली जाणारी सुकडी ही त्या वर्षाची ओळख ठरली. खटावमधल्या वडूजच्या परिसरातील ज्येष्ठ माणसे आजही वयाचा हिशेब बहात्तरच्या अलीकडे की पलीकडे असा लावतात.

संपले काय आणि सुरू काय होणार, हा प्रश्न माणसाने जगभर दोन खुणा शेजारी ठेवून विचारला आहे. आज पुण्या-मुंबईत भविष्य सांगण्यासाठी टॅरोची पाने मांडणारे हेच करतात. ७८ पानांच्या त्या जोडातले १३ क्रमांकाचे मृत्यूचे पान आणि शून्य क्रमांकाचे भोळ्या वाटसरूचे पान एकत्र आले, तर एक पर्व संपून नवी वाट सुरू होते, असा अर्थ लावतात. कोसळणारा मनोरा १६वा आणि तारा १७वा, म्हणून पडझडीनंतर आशा. शेवटचे २१वे पान जगाचे. त्याच्या शेजारी पुन्हा शून्य आले की फेरा पुरा झाला आणि नवा सुरू झाला. एकटे पान भीती दाखवते, शेजारचे पान त्या भीतीला पुढची वाट देते, असे ही पाने वाचणारे सांगतात.

खटाव तालुक्याचे ठाणे असलेल्या वडूजमध्ये हा प्रश्न चैनीचा नव्हता. सातारा जिल्हा एकच, पण महाबळेश्वरात वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो आणि वडूज-दहिवडीच्या पट्ट्यात तो ५००च्या आसपास रेंगाळतो. येरळा नदी याच तालुक्यात उगम पावते आणि सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळजवळ कृष्णेला मिळते. वर्षातले कित्येक महिने तिच्या पात्रात वाळूच दिसते. अशा मुलखात मागचे वर्ष खरोखर संपले का आणि नवे वर्ष पदरात काय टाकणार, हे जाणून घेण्याची ओढ भाकरीशी बांधलेली होती. ती भागवण्यासाठी इथल्या समाजाने तीन वाटा धरल्या: पाडव्याचे पंचांगवाचन, देवाचा कौल आणि जत्रेतली भाकणूक.

पंचांगवाचन हे ग्रामजोशाचे काम. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गावगाडा’त बलुतेदारांची जी व्यवस्था मांडली, तिच्यात सुतार, लोहार, कुंभार यांच्याबरोबर जोशीही होता आणि खळ्यावर त्याचाही वाटा होता. पाडव्याला कडुलिंब, गूळ, चिंच, ओवा यांची चटणी तोंडात पडली की नवे पंचांग उघडायचे. आधी संवत्सराचे नाव, मग राजा, मग मंत्री. सूर्य आर्द्रा नक्षत्रात जातो त्या वाराचा स्वामी मेघेश, म्हणजे पावसाचा धनी. त्याच धर्तीवर धान्याचा, रसाचा, नीरस वस्तूंचा धनी ठरे. ऐकणाऱ्यांचे कान मात्र राजा-मंत्र्याच्या जोडीकडे लागलेले असत. राजा क्रूर आणि मंत्री सौम्य असेल तर सुरुवात कडू, पण शेवट गोड. दोघे एकमेकांचे वैरी असतील तर राज्यात कलह आणि शेतात कीड. दोघे शुभ असतील तर सुकाळ. एका ग्रहाचे फळ सांगून कोणी थांबत नसे. अर्थ जोडीतूनच निघे.

शेतकऱ्याला याहून जवळचे वाटत ते नक्षत्रांचे वाहन. सूर्य मृगात किंवा रोहिणीत शिरतो, त्या वेळी सूर्याच्या नक्षत्रापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजायचे, ९ने भागायचे आणि जी बाकी उरेल तिच्यावरून वाहन काढायचे: घोडा, कोल्हा, बेडूक, मेंढा, मोर, उंदीर, म्हैस, गाढव, हत्ती. बेडूक, म्हैस, हत्ती आले तर पाऊस भरपूर. कोल्हा किंवा मेंढा आला तर ओढ. हे गणित कोऱ्या पाटीवर कोणालाही करता येते. त्यात ढग नाहीत, वारा नाही, समुद्राचे तापमान नाही. तरीही ‘मृगाचं वाहन काय?’ हा प्रश्न खरिपाच्या तोंडावर आजही पारावर विचारला जातो.

संवत्सरांची साखळी ६० नावांची. प्रभव हे पहिले, क्षय हे साठावे आणि क्षयानंतर पुन्हा प्रभव. क्षयाचे वर्ष संपून प्रभवाचे लागते, तो या साखळीचा सांधा. विसाव्या शतकात तो १९२७ आणि १९८७ असा दोनदा आला. नावांवर विश्वास ठेवला तर १९८७च्या पाडव्याला क्षय मागे पडून भरभराट सुरू व्हायला हवी होती. प्रत्यक्षात त्या साली देशाचा मोसमी पाऊस सरासरीपेक्षा १९ टक्क्यांनी कमी झाला आणि गेल्या शतकातल्या मोठ्या दुष्काळांत १९८७ची नोंद झाली. त्याआधी १८७६-७७चा महादुष्काळ पडला तो धाता, म्हणजे पालनकर्ता, असे नाव असलेल्या संवत्सरात. त्या दुष्काळात माण, खटाव, खानापूर हे साताऱ्याचे पूर्वेकडचे तालुके सर्वाधिक भरडले गेले. नावाने आणि ग्रहांनी आश्वासन दिलेली वर्षे या मुलखाला अशी अनेकदा पोरके करून गेली.

अलीकडची दोन वर्षे शेजारी ठेवली तर हिशेब आणखी उघड होतो. २०२३चा पाडवा बुधवारी आला आणि मेष संक्रांत शुक्रवारी. राजा बुध, मंत्री शुक्र, दोघेही सौम्य. त्या वर्षीचा ऑगस्ट महिना १९०१पासूनच्या नोंदींत देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला आणि माण-खटावमध्ये पुन्हा टँकर फिरू लागले. २०२४चा पाडवा मंगळवारी आणि संक्रांत शनिवारी. राजा मंगळ, मंत्री शनी. शास्त्रातले दोन पापग्रह एकत्र आले. वर्तमानपत्रांनी आणि वाहिन्यांनी त्यावर भीतीदायक भाकितेही छापली-दाखवली. त्या साली देशात पाऊस सरासरीच्या १०८ टक्के पडला. सौम्य जोडीने तहान दिली आणि क्रूर जोडीने तळी भरली.

दुसरी वाट कौलाची. तिथे पोथी नाही, गणित नाही. ओल्या मूर्तीच्या डाव्या-उजव्या अंगाला फुलाच्या पाकळ्या किंवा तांदळाचे दाणे चिकटवायचे आणि गुरवाने देवाला गाऱ्हाणे घालायचे. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. विहीर कुठे खणावी, सोयरीक करावी की मोडावी, गाव सोडावे की थांबावे, असे सगळे प्रश्न त्या दोन पाकळ्यांवर ठेवले जात. कोकणात आणि गोव्यात ही चाल अधिक बांधीव आहे; तिथे देवळागणिक कौल, म्हणजे प्रसाद, लावण्याच्या जागा आणि रीती ठरलेल्या आहेत. कोकणच्या लोकाचारांच्या नोंदी नाशिकचे कलेक्टर ए. एम. टी. जॅक्सन यांनी गोळा करायला सुरुवात केली होती. २१ डिसेंबर १९०९ रोजी अनंत कान्हेरे यांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. पुढे आर. ई. एन्थोव्हेन यांनी ते टिपण संपादून १९१५मध्ये प्रसिद्ध केले आणि देवाला कौल लावण्याची ही रीत छापील कागदावर टिकून राहिली.

कौलात एक शहाणपण होते, ते मान्य करायला हवे. दुष्काळात गाव सोडायचे की नाही, हा निर्णय एकट्या कुटुंबप्रमुखाच्या डोक्यावर बसला तर तो माणूस मोडून पडतो. जायचे ठरवले आणि वाटेत म्हातारी गेली, तर दोष त्याचा. राहायचे ठरवले आणि बैल मेले, तरी दोष त्याचाच. पाकळीने तो भार देवावर टाकला आणि घरातले भांडण मिटवले. निर्णयाची गुणवत्ता वाढली नाही, पण निर्णय होऊ शकला.

तिसरी वाट मेंढपाळांची. माण-खटाव, आटपाडी, जत हा धनगरांचा मुलूख. दिवाळीनंतर कळप घेऊन बाहेर पडायचे आणि पावसाच्या आशेने परतायचे, हे त्यांचे वर्षाचे रहाटगाडगे. म्हसवडचा सिद्धनाथ, खरसुंडीचा सिद्धनाथ, आरेवाडीचा बिरोबा ही या वाटेवरची मोठी ठाणी. कोल्हापूर जिल्ह्यातील पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाच्या जत्रेत भंडाऱ्याच्या पिवळ्या धुरळ्यात फरांडेबाबांची भाकणूक होते. पाऊसपाणी, धान्याचे भाव, रोगराई, राजकारण अशा सगळ्यांवर त्रोटक वाक्यांत भाष्य होते आणि दुसऱ्या दिवशी ते वर्तमानपत्रांत छापून येते. जर्मन अभ्यासक गुंथर सोन्थायमर यांनी बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा यांच्यावरचा मोठा ग्रंथ १९७६ साली लिहिला, तो याच माणसांबरोबर पायी फिरून. विदर्भात बुलढाणा जिल्ह्यातील भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते. रात्रभर मांडून ठेवलेल्या धान्यातला आणि ढेकळांमधला बदल पाहून दुसऱ्या पहाटे पाऊस-पिकांचे भाकीत सांगतात. प्रदेश बदलला तरी मांडणी तीच: काल काय ठेवले आणि आज काय उरले, ते शेजारी ठेवून वाचायचे.

टॅरोचा इतिहास या वाटांच्या नेमका उलटा आहे. ती पाने पंधराव्या शतकात उत्तर इटलीत खेळण्यासाठी तयार झाली. मिलानच्या विस्कोंती-स्फोर्झा घराण्यासाठी रंगवलेले जोड १४५०च्या सुमाराचे. १७८१ साली कूर द जेबेलँ या फ्रेंच पंडिताने त्यांत प्राचीन इजिप्तचे गूढ ज्ञान दडले असल्याचे जाहीर केले. त्याला पुरावा काहीच नव्हता, पण भविष्यकथनाचा धंदा तिथून बहरला. आज सर्वत्र दिसणारी चित्रे १९०९ची. लंडनमध्ये आर्थर वेट यांच्या सांगण्यावरून पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीने ती काढली. मृत्यूच्या पानावर क्षितिजाशी दोन मनोऱ्यांमध्ये सूर्य तिनेच ठेवला. पुढे मायकेल डमेट या तत्त्वज्ञाने १९८०च्या आपल्या ग्रंथात साधार दाखवून दिले की, ही पाने कित्येक शतके निव्वळ डावासाठीच वापरली जात होती.

महाराष्ट्रातल्या पानांनी मात्र डाव सोडला नाही. बाबराने १५२७ साली गंजिफा भेट पाठवल्याची नोंद त्याच्याच आत्मचरित्रात आहे. तो खेळ दख्खनेत रुजला आणि सावंतवाडीच्या चिताऱ्यांनी दशावतारी गंजिफा घडवली. दहा अवतार, प्रत्येकाची बारा पाने, एकूण १२० गोल पाने. प्रत्येक अवताराचा एक राजा आणि एक प्रधान. पंचांगातली जोडीच जणू इथे हातात आली. मत्स्य प्रलयातून बीज वाचवणारा आणि कल्की युग संपवणारा. म्हणजे आरंभ आणि शेवट हे दोन्ही या जोडात आहेत. तरीही त्यावरून कोणाचे नशीब वाचण्याची परंपरा उभी राहिली नाही. दिवसा डाव रामाच्या पानाने उघडायचा, रात्री कृष्णाच्या, एवढाच देवाचा अधिकार. पुढचे सगळे स्मरणशक्तीवर. १९७०च्या दशकात ही कला विझण्याच्या बेतात असताना सावंतवाडीचे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवी यांनी पुंडलिक चितारी या वृद्ध कारागिराकडून ती शिकून पुन्हा उभी केली.

खटावच्या मातीने भाकितांवर विश्वास ठेवला, तसाच तिने त्यांना जाबही विचारला. जोतीराव फुल्यांचे मूळ गाव कटगुण याच तालुक्यात. १८७३ साली त्यांनी सत्यशोधक समाज स्थापला आणि जोशाशिवाय लग्ने लावली. १८८३च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये त्यांनी जन्माच्या आधीपासून मरणाच्या नंतरपर्यंत मुहूर्त, ग्रहदशा आणि शांतीच्या नावाने कुणब्याकडून काय काय उकळले जाते, याची पाढ्यासारखी यादी दिली. फुल्यांचा राग नुसत्या भाकितावर नव्हता. भाकीत फसले तरी दक्षिणा परत येत नाही, या व्यवहारावर होता.

साताऱ्याच्याच डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी ती चौकशी प्रयोगापर्यंत नेली. २००८ साली पुण्यात खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर यांनी दाभोलकरांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या मदतीने एक चाचणी घेतली. १०० हुशार आणि १०० मतिमंद मुलांच्या पत्रिका जमवल्या, त्यांतल्या प्रत्येकी ४० ज्योतिषांना दिल्या आणि कोणती कोणाची ते ओळखायला सांगितले. २७ ज्योतिषांनी उत्तरे पाठवली. सरासरी ४६ टक्के उत्तरे बरोबर आली. नाणे उडवले असते तरी तेवढी आली असती. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात दाभोलकरांचा खून झाला आणि त्याच वर्षी महाराष्ट्राने जादूटोणाविरोधी कायदा केला.

पंचांग या साधनाचा मान मात्र यात बुडवू नये. गणपत कृष्णाजींनी १८३१ साली मुंबईत मराठी पंचांग छापले, तेव्हा ते जोशाच्या पडशीतून सामान्य घरात आले. तिथी-नक्षत्रे आकाशाशी जुळावीत म्हणून लोकमान्य टिळकांनी आग्रह धरला आणि त्यासाठीची एक परिषद १९२० साली सांगलीतच भरली. सूर्य-चंद्राचे गणित अचूक करण्यासाठी विद्वानांनी आयुष्ये वेचली. ग्रहण कधी लागेल हे पंचांग मिनिटासह सांगते आणि ते खरे ठरते. त्या अचूकतेचा मान राजा-मंत्र्याच्या फळाला उसना मिळतो आणि तिथेच फसगत होते.

या मुलखात शेवटाचा आरंभ खरोखर कशाने झाला, ते जमिनीवर दिसते. १८७६च्या दुष्काळात माणगंगेवर राजेवाडीच्या मोठ्या तलावाचे काम उभे राहिले. भुकेल्या हातांनी बांधलेला तो तलाव आजही आहे. गोंदवल्याच्या ब्रह्मचैतन्य महाराजांनी त्याच दुष्काळात लोकांना आपल्या शेतावर काम देऊन जेवू घातल्याचे त्यांच्या चरित्रात येते. बहात्तरच्या दुष्काळातून रोजगार हमी योजना उभी राहिली. तिचे जनक वि. स. पागे सांगली जिल्ह्याचे. तासगाव तालुक्यातील विसापूरला त्यांनी ही कल्पना आधी करून पाहिली होती. १९७७मध्ये विधिमंडळाने तिचा कायदा केला आणि मागेल त्याला काम हा हक्क देणारे महाराष्ट्र पहिले राज्य ठरले. २००५चा केंद्राचा कायदा त्याच वाटेने आला. जिहे-कठापूर योजनेने कृष्णेचे पाणी उचलून नेर तलावात आणि येरळेत सोडले. २०१८च्या वॉटर कप स्पर्धेत शेजारच्या माण तालुक्यातले टाकेवाडी राज्यात पहिले आले, ते गावाने फावडी हातात घेतली म्हणून.

लोकांची आठवणही याच बाजूची आहे. वडूजमध्ये चित्रभानू संवत्सर कोणाला सांगता येणार नाही, पण त्या वर्षातला ९ सप्टेंबर १९४२ सांगता येतो. त्या दिवशी परशुराम घार्गे आणि त्यांचे सहकारी कचेरीवर मोर्चा घेऊन गेले आणि गोळ्या झेलून हुतात्मा झाले. बेचाळीसची चळवळ, बहात्तरचा दुष्काळ, अशी वर्षांची नावे लोकांनी स्वतः ठेवली आणि तीच टिकली.

पंचांगवाचन बंद करा, असे कोणी म्हणण्याचे कारण नाही. वर्षातून एकदा गाव पारावर एकत्र येते, सरलेल्या वर्षाकडे आणि येणाऱ्या वर्षाकडे एका बैठकीत पाहते, ही मोलाची रीत आहे. फक्त त्या बैठकीत आणखी एक वही उघडावी. गेल्या पाडव्याला राजा-मंत्री कोण होते, मृगाचे वाहन काय होते, फळ काय सांगितले होते, हे तिच्या एका पानावर लिहावे. समोरच्या पानावर तालुक्याच्या पर्जन्यमापकावरचा आकडा, विहिरीची पाणीपातळी आणि टँकर किती आले, ते लिहावे. शाळेतल्या मुलांनी ही वही ठेवावी आणि पाडव्याला पंचांगाच्या पाठोपाठ मोठ्याने वाचावी. खटाव-माणच्या प्रत्येक ग्रामपंचायतीने येत्या गुढीपाडव्यापासून हे काम हाती घ्यावे. खर्च एका वहीचा आहे, आणि दहा वर्षांत प्रत्येक गावाजवळ स्वतःचा पुरावा तयार होईल.